छायाचित्राची फाइल : काय राखावे, काय सोडावे

डिजिटल छायाचित्रणाचे तंत्र : लेखांक ६

कॅमेऱ्याच्या संवेदकावर, म्हणजेच सेन्सरवर, पडलेल्या प्रकाशाचे आकड्यांत रूपांतर कसे होते, याचा विचार मागील लेखांकात झाला. हे आकडे कार्डावर कोणत्या स्वरूपात साठवायचे हा निर्णय वरकरणी किरकोळ वाटतो. परंतु टिपलेल्या माहितीपैकी कोणती टाकून द्यायची, ती केव्हा टाकायची आणि हे कोणी ठरवायचे, या तिन्ही प्रश्नांचा निकाल त्या एका निवडीने लागत असतो. म्हणूनच रॉ, जेपीईजी आणि टिफ यांची तुलना करताना सर्वांत चांगले कोणते असे न विचारता, याच तीन प्रश्नांच्या कसोटीवर प्रत्येक स्वरूप पारखून पाहणे योग्य ठरते.

रॉ फाइलमध्ये टाकून देण्याचे काम जवळजवळ पूर्णपणे पुढे ढकललेले असते. बहुतेक कॅमेऱ्यांच्या संवेदकावर लाल, हिरव्या व निळ्या फिल्टरांची जी जाळी असते, ती कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांना १९७६ साली मिळालेल्या पेटंटातील रचनेवर आधारलेली असून, तिच्यामुळे प्रत्येक पिक्सेल एकाच रंगाची तीव्रता नोंदवतो आणि उरलेले दोन रंग शेजारच्या पिक्सेलांवरून गणिताने काढावे लागतात. या गणिताला डीमोझायकिंग म्हणतात. रॉ फाइलमध्ये ते होण्यापूर्वीचे आकडे असल्यामुळे ती अद्याप पूर्ण चित्र नसून चित्र घडवण्याचे साहित्य असते. प्रत्येक आकडा १४ बिटांचा असेल, तर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत १६,३८४ पायऱ्या उपलब्ध होतात, आणि २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात असे आकडे न दाबता साठवल्यास सुमारे ४२ मेगाबाइट जागा लागते.

या पायऱ्यांचे महत्त्व लग्नसमारंभाच्या छायाचित्रणात सहज लक्षात येते. मंडपात पिवळसर बल्ब, थंड एलईडी आणि बाहेरून येणारे ऊन एकत्र आले, की पांढरा रंग पांढरा दिसावा यासाठी करावयाची दुरुस्ती, म्हणजेच व्हाइट बॅलन्स, कॅमेऱ्याला अचूक साधतेच असे नाही. रॉ फाइलमध्ये ही दुरुस्ती सूचना म्हणून केवळ नोंदवलेली असते, मूळ आकड्यांवर लादलेली नसते; त्यामुळे ती नंतर बदलता येते आणि अंधारात गेलेले चेहरेही बऱ्याच अंशी उजळवता येतात. मात्र जो भाग संवेदकाच्या क्षमतेपलीकडे उजळून पूर्ण पांढरा झाला, त्यातील तपशील रॉमध्येही उरलेला नसतो, हे विसरून चालत नाही.

जेपीईजीमध्ये हेच निर्णय कॅमेरा क्षणार्धात घेऊन मोकळा होतो. १९९२ साली मान्य झालेल्या या मानकाच्या गाभ्याशी असलेले डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म हे गणित बंगळूरमध्ये जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ साली मांडले होते. कॅमेरा प्रथम चित्रातील उजळपणा आणि रंग वेगळे करतो, आणि मानवी डोळा रंगापेक्षा उजळपणातील बारकावे अधिक टिपतो म्हणून रंगाची माहिती बहुधा कमी सूक्ष्मतेने ठेवतो. नंतर ८ × ८ पिक्सेलांच्या चौकटींत वरील गणित लावून संथ बदल आणि बारीक बदल निराळे केले जातात, आणि बारीक बदलांचे आकडे ढोबळ करून त्यांतील पुष्कळसे शून्यावर आणले जातात. खरी हानी मुख्यतः या ढोबळीकरणात होते. २४ मेगापिक्सेलचे जे चित्र ८ बिटांच्या तीन रंगांत न दाबता ७२ मेगाबाइट झाले असते, ते यामुळे साधारण दहा मेगाबाइटांच्या आसपास मावते. मात्र प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्याच हाती उरतात, म्हणून सावल्या फार उजळवल्यास रंगांचे पट्टे उमटतात, आणि लाल पैठणीच्या जरीकाठासारख्या दाट व बारीक नक्षीत रंगांच्या कडा पुसट होतात.

जेपीईजीविषयीचा एक सार्वत्रिक गैरसमज येथे दूर करणे आवश्यक आहे. फाइल उघडून पाहिल्याने किंवा तिची प्रत काढल्याने काहीही नष्ट होत नाही; बदल करून ती पुन्हा जतन केली, की ढोबळीकरण नव्याने होते आणि नुकसान साचत जाते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्रही असेच पुन्हा दाबले जाते, तर डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली फाइल मूळ रूपात पोहोचते. ग्राहकाला छपाईसाठी चित्र पाठवताना हा भेद पाळणे अगत्याचे आहे.

टिफचे स्थान या दोहोंच्या मध्ये आहे. १९८६ साली ॲल्डस कंपनीने आणलेले आणि पुढे ॲडोबीकडे गेलेले हे स्वरूप रंग घडवून झालेले चित्र प्रत्येक रंगाला १६ बिटांनीही, कोणतीही हानी न करता ठेवू शकते. त्यामुळे रॉवर संस्कार करून झालेले काम, पुढील सुधारणा आणि उत्तम छपाई यांसाठी ते विश्वासार्ह ठरते. त्याची किंमत जागेच्या रूपाने मोजावी लागते, कारण आपले २४ मेगापिक्सेलचे चित्र न दाबता १४४ मेगाबाइट होते. पीएनजीही हानीविना साठवते, परंतु त्याची खरी उपयुक्तता संगणकाच्या पडद्यावरील आकृत्या आणि पारदर्शक पार्श्वभूमी यांत आहे. २०१५ साली प्रमाणित झालेले आणि २०१७ पासून आयफोनमुळे घराघरांत पोहोचलेले एचईआयएफ कमी जागेत जेपीईजीच्या तोडीचे चित्र ठेवते, तरी ते सर्व यंत्रांवर उघडेलच अशी खात्री नसते.

दीर्घकाळ जपणुकीच्या दृष्टीने रॉची एक उणीव गंभीर आहे. निकॉनचे एनईएफ, कॅननचे सीआर३, सोनीचे एआरडब्ल्यू अशी बहुतेक निर्मात्यांची रॉ स्वरूपे त्या त्या निर्मात्याच्या मालकीची असल्याने ती उघडणारी प्रणाली पन्नास वर्षांनी असेलच असे कोणी सांगू शकत नाही. ॲडोबीने २००४ साली आणलेल्या डीएनजी स्वरूपाची रचना सर्वांसाठी खुली असल्यामुळे ही चिंता बरीच कमी होते.

निर्णय कोणी घ्यावा या प्रश्नाचे उत्तर क्षेत्रानुसारही बदलते. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने २०१५ साली आपल्या स्वतंत्र छायाचित्रकारांना रॉवरून तयार केलेली चित्रे न पाठवता कॅमेऱ्यातच तयार झालेली जेपीईजी चित्रे पाठवण्यास सांगितले, कारण बातमीत वेग आणि वास्तवाशी इमान या दोन्ही गोष्टींना प्राधान्य असते. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत मात्र अंतिम टप्प्यांत पोहोचणाऱ्या स्पर्धकांकडून कॅमेऱ्यातील मूळ फाइली मागवून चित्रात फेरफार झाला आहे काय, हे तपासले जाते. एकीकडे नंतरच्या संस्काराला वावच ठेवला जात नाही, तर दुसरीकडे संस्कारानंतर मूळ पुरावा पडताळला जातो; हेतू मात्र सत्य राखण्याचाच असतो.

या विवेचनातून व्यवहाराची एक सुसंगत पद्धत हाती येते. पुन्हा घडणार नाही असा प्रसंग रॉमध्ये टिपावा आणि ती फाइल मूळ म्हणून किमान दोन ठिकाणी जपावी. संस्कार केलेले महत्त्वाचे काम १६ बिटांच्या टिफमध्ये ठेवावे. आणि देवाणघेवाणीसाठी त्यावरून दर वेळी नवी जेपीईजी प्रत काढावी, जुन्या जेपीईजीवरच पुन्हा काम करू नये. वेगाला महत्त्व असेल किंवा चित्रावर संस्कार करायचेच नसतील, तेथे थेट जेपीईजी निवडण्यात काहीही गैर नाही. मात्र आपण काय सोडून देत आहोत हे जाणूनच ती निवड झाली पाहिजे. फाइलमधील आकडा पडद्यावर आणि कागदावर नेमका कोणता रंग होऊन उमटेल, हे ठरवणाऱ्या कलर प्रोफाइलचा विचार पुढील लेखांकात केला जाईल.