रखमाबाई खटला
दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई हा मुंबई उच्च न्यायालयात १८८४ ते १८८८ या काळात गाजलेला वैवाहिक हक्कांविषयीचा खटला होय. रखमाबाईंचा विवाह वयाच्या अकराव्या वर्षी दादाजींशी झाला. मात्र त्या सासरी न जाता आई व सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडेच वाढल्या. प्रार्थना समाजाच्या सभांना त्या जात असत. पत्नीने नांदायला यावे म्हणून दादाजींनी दावा लावला. म्हणजे न्याय मागणारी स्त्रीच येथे प्रतिवादी होती.

न्यायमूर्ती पिन्ही यांनी २१ सप्टेंबर १८८५ रोजी दावा फेटाळला. असे दावे ही मूळची इंग्लंडमधील प्रथा असून हिंदू धर्मशास्त्रात तिला आधार नाही, तसेच अजाण वयात लग्न लावून दिलेल्या व पतीसोबत कधीच न राहिलेल्या स्त्रीवर सक्ती करता येणार नाही, असे त्यांचे मत होते. अपिलात हा निकाल टिकला नाही. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सासरी जावे, अन्यथा सहा महिने कैद भोगावी, असा आदेश दिला. खुद्द इंग्लंडने ही कैद १८८४ मध्येच रद्द केली होती, हे विशेष. रखमाबाईंनी तुरुंगवास पत्करण्याची तयारी दाखवली. ‘केसरी’तून त्यांच्यावर टीका झाली.

राणी व्हिक्टोरियाने विवाह रद्द केल्याची कथा प्रचलित असली, तरी प्रत्यक्षात जुलै १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये स्वीकारून तडजोड केली. पुढे रखमाबाई लंडनमध्ये शिकून डॉक्टर झाल्या व सुरतेत त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. त्यांच्या जीवनावरील ‘डॉक्टर रखमाबाई’ (२०१६) हा मराठी चित्रपट अनंत महादेवन यांनी दिग्दर्शित केला असून त्यात तनिष्ठा चटर्जी यांची प्रमुख भूमिका आहे.