निवृत्तीनंतरही ‘पलटण’ का सुटत नाही?

बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटल सेंटरमध्ये माजी सैनिकांचा मेळावा भरला की सत्तरी ओलांडलेले पेन्शनर लांबूनच एकमेकांना हाका मारताना दिसतात. एक चंदगडचा, दुसरा खानापूरचा. मध्ये राज्याची सीमा. पण ओळख सांगताना गाव नंतर येतं. आधी पलटण, मग कंपनी. मुलाबाळांची चौकशीही नंतरच. आधी कोण राहिला आणि कोण गेला, याची उजळणी.

तीस-चाळीस वर्षं शेती केली, सोसायटीत वॉचमनकी केली, नातवंडं झाली, तरी हे नातं का टिकतं? बरंचसं उत्तर सैन्याच्या रचनेतच आहे. जवान लढतो तो लाखोंच्या सैन्यात नाही, तर दहा जणांच्या सेक्शनमध्ये. त्यातही दोघांची जोडी, तिला ‘बडी’ म्हणतात. एक झोपला की दुसरा पहाऱ्यावर. एक पुढे सरकतो तेव्हा दुसरा गोळीबार करून समोरच्याला डोकं वर काढू देत नाही. आपला जीव दुसऱ्याच्या जागं राहण्यावर अवलंबून आहे, हे घरच्या नात्यातही रोज अनुभवाला येत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ मध्ये, एडवर्ड शिल्स आणि मॉरिस जानोविट्झ या अभ्यासकांनी जर्मन सैन्याबद्दल मांडलेला निष्कर्ष याच दिशेचा होता. हरत असतानाही बहुतेक सैनिक तग धरून राहिले, त्यामागे राजकीय विचारांपेक्षा शेजारच्या साथीदारांची ओढ जास्त होती.

मराठा रेजिमेंटमध्ये यात आणखी एक धागा मिळतो. भरती प्रामुख्याने मराठी मुलखातली, त्यामुळे भाषा एक, सण एक, आणि ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही घोषणाही एक. शिवाय जवानाची बहुतेक नोकरी एकाच पलटणीत जाते. लंगरचं जेवण, बडा खाना, रजेवर जाणाऱ्याच्या हाती घरी पाठवलेला निरोप, हे सगळं पंधरा-वीस वर्षं त्याच माणसांबरोबर.

या नात्याची ताकद कागदावरही नोंदलेली आहे. ९ एप्रिल १९४५. इटलीतल्या सेनिओ नदीवर जंगी पलटणीचे शिपाई नामदेव जाधव कंपनी कमांडरचे रनर होते. हल्ल्यात कमांडरसह काही जण जखमी झाले, बाकीची तुकडी कामी आली. जाधवांनी एका जखमीला उचललं, खोल पाण्यातून, मग सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून, बांध चढून सुरक्षित जागी नेलं. पुन्हा परत गेले आणि दुसऱ्याला आणलं. हे सगळं मॉर्टर आणि मशीनगनच्या माऱ्यात. त्यानंतर ते तिसऱ्यांदा नदीपार गेले, पडलेल्या साथीदारांचा बदला घ्यायला. हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना, तेव्हा ती टाकून ग्रेनेड हाती घेतले आणि शत्रूच्या एकूण तीन मशीनगन चौक्या बंद पाडल्या. मग बांधावर उभं राहून मराठ्यांची घोषणा दिली, मागच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पदकाची चर्चा शौर्यापाशी थांबते. पण आधीच्या दोन्ही फेऱ्या माणसं परत आणण्यासाठी होत्या, हे विसरायला नको.

हीच जंगी पलटण, म्हणजे १७६८ मध्ये उभी राहिलेली पहिली मराठा, १९७१ मध्ये जमालपूरला होती. ब्रिगेडने शरणागतीचं पत्र पाठवलं, तर समोरच्या बलुच पलटणीच्या कमांडरने उत्तराच्या पत्रात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. १० डिसेंबरच्या रात्री तिथली फौज फळी फोडून निघू लागली आणि कुलदीपसिंग ब्रार यांच्या मराठ्यांनी रोखलेल्या रस्त्यावर येऊन धडकली. पुढे ढाक्याच्या वाटेवर पुंगली पुलाशी ही पलटण टांगाईलला उतरलेल्या छत्रीधाऱ्यांना, म्हणजे २ पॅराला, जाऊन मिळाली. गंमत अशी, की २ पॅरा ही मूळची तिसरी मराठा! त्या वेळचे विशीतले जवान आता सत्तरीपार आहेत.

युद्ध संपल्यावर हे नातं बहुतेक वेळा साध्या कामांत दिसतं. रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावात. साताऱ्याकडच्या एखाद्या विधवेच्या फॅमिली पेन्शनमध्ये नावाचं स्पेलिंग किंवा जन्मतारीख जुळत नसेल, तर तिच्यासाठी बेळगाव लांब आणि परकं. अशा वेळी नवऱ्याचा पलटणवाला तिच्याबरोबर कचेरीत जातो, फॉर्म भरतो, कोणत्या खिडकीवर उभं राहायचं ते सांगतो. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याची आठवण करणारा फोनही अनेकदा त्याचाच असतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय महाराष्ट्रातलं की कर्नाटकातलं, हा प्रश्न त्याच्या दृष्टीने दुय्यम.

दुसरी बाजूही आहे. लढाईत काय पाहिलं, ते बरेच जण बायको-मुलांना कधीच सांगत नाहीत. पलटणवाल्यासमोर मात्र सांगावंच लागत नाही, त्याने ते पाहिलेलं असतं. त्यामुळे घरच्यांना आपण बाहेरचे आहोत असं वाटतं, आणि ते वाटणं खोटं नसतं. जुना साथीदार गेला की म्हातारा दोन दिवस जेवत नाही, आणि घरात कुणालाच कळत नाही की नेमकं कोण गेलं.

आता रचनाच बदलते आहे. २०२२ मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेत जवान चार वर्षांसाठी भरती होतो आणि त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम राहतात. बाकीच्यांना सेवा निधीची रक्कम मिळते. पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. चार वर्षांतही बडी हा बडीच असतो, गोळीबारात तर चार दिवसही पुरतात. पण ज्या पेन्शनमुळे, रेकॉर्ड ऑफिसमुळे जुनी माणसं वर्षानुवर्षं एकमेकांना सापडत राहिली, तो धागा या पोरांच्या हाती नसेल. सैन्यातल्या पहिल्या अग्निवीरांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होऊ लागतील.