भेग टिपली, पण पाहिली का?

अमेरिकेत मेंफिस शहराजवळ मिसिसिपी नदीवर हर्नांडो डी सोटो नावाचा मोठा पोलादी पूल आहे. टेनेसी आणि आर्कान्सा या दोन राज्यांना तो जोडतो. ११ मे २०२१ रोजी नेहमीच्या पाहणीसाठी गेलेल्या तपासनिसाला तेथील एका तुळईत जवळजवळ आरपार गेलेला तडा दिसला. त्याने तिथूनच तातडीच्या क्रमांकावर फोन करून वाहतूक थांबवायला सांगितली. पुलाखालून जाणारी नौकांची वाहतूकही काही दिवस बंद राहिली. पूल पूर्णपणे खुला व्हायला ऑगस्ट उजाडला.

हा तडा इतका गंभीर का, हे वर्गात बांबूची कामटी आणि दोरी घेऊन दाखवता येईल. कामटी वाकवून तिची टोके दोरीने बांधली की धनुष्य होते. कमानीवर वरून भार दिला, की टोके एकमेकांपासून लांब सरकू पाहतात आणि दोरी त्यांना धरून ठेवते. या पुलाची रचना अशीच आहे. वर कमान आणि खाली प्रत्यंचेसारखी आडवी पोलादी तुळई. ती सतत ताणाखाली असते आणि तडा गेला होता तो नेमका तिलाच.

आणखी तीन दिवसांनी जे कळले, ते आपल्या विषयाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे आहे. मे २०१९ मध्ये ड्रोनने केलेल्या याच पुलाच्या चित्रणात त्या जागी नुकसान दिसत होते! म्हणजे कॅमेऱ्याने आपले काम दोन वर्षांपूर्वीच केले होते. पण ते चित्र पाहून ‘हा तडा आहे’ असे कोणी म्हटले नाही. २०१९ आणि २०२० च्या नियमित पाहण्यांतही त्याची नोंद झाली नाही.

ड्रोन आले, आता पुलांची तपासणी सोपी झाली, असे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. ते खोटे नाही. पुलाच्या पोटाखाली पोहोचायचे तर परांची बांधावी लागते, दोराला लोंबकळावे लागते किंवा लांब हात असलेली गाडी पुलावर उभी करून वाहतूक अडवावी लागते. हे सारे धोक्याचे आणि खर्चाचे आहे. ड्रोन तिथे काही मिनिटांत पोहोचतो. अर्थात, पुलाखाली गेल्यावर उपग्रहांचे संदेश वरच्या काँक्रीटने अडतात आणि ड्रोनला आपली जागा कॅमेऱ्याने व इतर संवेदकांनी ठरवावी लागते. नदीवरचा वारा असतोच. काही ड्रोन तर जाळीच्या पिंजऱ्यात बसवलेले असतात, म्हणजे खांबाला धक्का लागला तरी पंखे तुटत नाहीत.

पण पोहोचल्यावर त्याला दिसते किती? थोडे गणित करू. काँक्रीटच्या बांधकामासाठीच्या आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार सर्वसाधारण भागांत पृष्ठभागावरील भेग ०.३ मिलिमीटरपेक्षा रुंद नसावी. हाच आपला मापदंड धरू. समजा, कॅमेऱ्याच्या छायाचित्रात आडवे ४००० आणि उभे ३००० चित्रबिंदू, म्हणजे पिक्सेल, आहेत. छायाचित्रात ४ मीटर रुंदीचा भाग घेतला, तर एका चित्रबिंदूच्या वाट्याला १ मिलिमीटर येतो. ०.३ मिलिमीटरची भेग त्या चौकोनाचा जेमतेम तिसरा हिस्सा व्यापते, तिचा काळा रंग आजूबाजूच्या राखाडीत मिसळतो आणि ती फिकट होऊन जाते. ड्रोन इतका जवळ नेला की छायाचित्रात १ मीटरच रुंदी मावेल, तर एक चित्रबिंदू ०.२५ मिलिमीटरचा होईल. आता भेग कशीबशी पकडता येईल.

मात्र त्याची किंमत मोजावी लागते. एका छायाचित्रात आता १ मीटर गुणिले ७५ सेंटिमीटर एवढाच भाग येतो. शिवाय छायाचित्रे एकमेकांवर चढलेली घ्यावी लागतात, तरच ती जोडता येतात आणि दोन डोळ्यांप्रमाणे दोन ठिकाणांहून पाहून खोलीही काढता येते. समजा, दोन्ही दिशांनी ६० टक्के भाग आधीच्या छायाचित्रातलाच ठेवला. मग प्रत्येक नव्या छायाचित्रात ४० गुणिले ३० सेंटिमीटर, म्हणजे ०.१२ चौरस मीटर, एवढाच नवा भाग मिळतो. २० मीटर लांब आणि २ मीटर उंच तुळईच्या एका बाजूसाठी सुमारे ३३३ छायाचित्रे लागतील. पाच गाळ्यांच्या पुलाला प्रत्येक गाळ्यात चार तुळया आणि प्रत्येकीच्या दोन बाजू, असे धरले तर १३,३२० छायाचित्रे होतात. प्रत्येकाला दहा सेकंद दिले, तरी ती पाहायला ३७ तास हवेत.

म्हणून संगणक मदतीला घेतात. संगणकाच्या दृष्टीने छायाचित्र म्हणजे आकड्यांचा तक्ता असतो. ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा. भेगेवरून आडवी जाणारी एक ओळ अशी असू शकेल: १८२, १८०, १७९, ९६, १७८, १८१. शेजारच्या आकड्यांमधील फरक काढा: २, १, ८३, ८२, ३. फरक ४० पेक्षा मोठा असेल तिथे खूण करा, असे सांगितले की भेगेच्या दोन्ही कडा सापडतात. पुलाच्या कठड्याची सावली असेल, तर ओळ १८०, १७९, ९५, ९४, ९६ अशी दिसेल. आकडा एकदा उतरतो आणि तिथेच राहतो. त्यामुळे ती वेगळी ओळखता येते. विद्यार्थ्यांकडून आलेख-कागदावर हे करून घ्यायला एक तास पुरेल.

खरी अडचण पुढे आहे. तारेची सावली, कोळ्याचा धागा, शटरिंगच्या दोन फळ्यांमधली रेघ यांतही आकडा उतरून पुन्हा चढतो. फळीची रेघ सरळ असते आणि भेग बहुधा वेडीवाकडी, असे नियम घालता येतात, पण ते किती घालणार? म्हणून हल्ली जाणकारांनी भेगा आखून दिलेली हजारो छायाचित्रे संगणकाला दाखवतात आणि फरक ओळखायला शिकवतात. तरी चुका राहतातच. समजा, आपल्या १३,३२० पैकी २० छायाचित्रांत खरी भेग आहे. संगणक त्यांतल्या १९ पकडतो आणि उरलेल्या १३,३०० पैकी शंभरांत पाच वेळा उगाच ओरडतो. खोटे इशारे झाले ६६५! एकूण ६८४ इशाऱ्यांत खरे १९, म्हणजे छत्तिसांत एक.

तरीही ३७ तासांचे काम दोन तासांच्या आत आले, हा फायदा लहान नाही. पण पस्तीस वेळा शटरिंगची रेघ पाहिलेल्या माणसाला छत्तिसावी खरी भेगही शटरिंगच वाटू शकते. शिवाय एक भेग सुटलीच आहे. ती सुटू नये म्हणून ४० ची मर्यादा २० वर आणली, की खोटे इशारे वाढतात. ही मर्यादा कुठे ठेवायची हे संगणक ठरवू शकत नाही. ते पुलाचा कोणता भाग आहे यावर अवलंबून असते. प्रत्यंचेसारख्या तुळईवर हजार खोटे इशारे परवडतील, एक सुटलेला तडा परवडणार नाही.

कॅमेऱ्याला पृष्ठभागापलीकडचे दिसत नाही, हेही खरे. काँक्रीटचा थर आतून सुटला असेल, तर हातोडीने ठोकल्यावर भदभद आवाज येतो. साध्या छायाचित्रातून तो कळणार नाही. उष्णता टिपणारा कॅमेरा लावला तर थोडी मदत होते. सुटलेल्या थरामागे हवेची पोकळी असल्याने उन्हातली उष्णता आत जात नाही आणि तेवढा भाग भोवतालपेक्षा लवकर तापतो. सतत सावलीत राहणाऱ्या पोटाखालच्या भागाला मात्र ही युक्ती फारशी लागू पडत नाही.

आणि पाण्याखाली काय? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी गाड्या वाहून गेल्या. अशा पुलांचा पाया नदीच्या तळात असतो आणि पुराचा प्रवाह खांबांभोवतीची माती उकरून नेत असतो. गढूळ पाण्याखालचा तो खड्डा वरून उडणाऱ्या कोणत्याही कॅमेऱ्याला दिसत नाही. तिथे ध्वनिलहरी सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून तळाची खोली मोजावी लागते किंवा पाणी उतरल्यावर पाणबुड्याला खाली जाऊन हाताने चाचपावे लागते.