अंथरुणात लघवी होते म्हणून गोळी? आधी हे वाचा

मूल सात-आठ वर्षांचं झालं तरी रात्री गोधडी भिजते, म्हणून घरात लाज वाटते. श्रामणेर शिबिर किंवा मामाकडचं लग्न जवळ आलं की मेडिकलमधून ‘लघवी थांबवायची गोळी’ आणली जाते, नाहीतर शेजारच्या मुलाची उरलेली मागून घेतली जाते. डॉक्टरांनी मूल तपासल्याशिवाय ही गोळी देऊ नये, असं आम्ही कळकळीनं सांगतो.

बहुधा ती डेस्मोप्रेसिनची असते. तिच्यामुळे रात्री लघवी कमी तयार होते, म्हणजेच प्यायलेलं पाणी अंगातच राहतं. त्यावर मूल आणखी पाणी प्यायलं तर रक्तातलं मीठ, म्हणजे सोडियम, घटतं आणि मेंदूला सूज येते. डोकं दुखतं, मळमळतं, उलटी होते, मूल सुस्त पडतं आणि आकडी येऊ शकते. २००७ साली अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं अशा आकडीच्या ६१ नोंदी तपासल्या, लहान-मोठे मिळून. त्यात दोघं दगावले होते. त्यानंतर या त्रासासाठी नाकात मारायचा फवारा वापरू नये असं ठरलं. गोळी राहिली, पण पाण्याच्या पथ्यासह.

ते पथ्य असं: गोळीच्या तासभर आधीपासून पुढचे आठ तास पाणी नाही, फार तर एखादा घोट. मे महिन्यात पत्र्याच्या घरात हे किती अवघड आहे ते आम्हाला ठाऊक आहे. मूल अंधारात उठून माठातलं पाणी पितं, कुणाला कळतही नाही. तसं होणार असेल तर गोळी नकोच. जयंतीच्या मिरवणुकीत सरबत-ताक भरपूर झालं असेल त्या रात्रीही नको. ताप, जुलाब, उलट्या असतील तर गोळी थांबवून डॉक्टरांना विचारा.

दुसरी गोळी इमिप्रामीन. ती मुळात नैराश्यावरची. जास्त पोटात गेली तर हृदयाचे ठोके बिघडतात, जीवही जातो. फरक पडत नाही म्हणून एकीच्या दोन करू नका. धाकट्या भावंडानं खाऊ समजून गिळली तर फारच वाईट, म्हणून ती कुलपात ठेवा. गिळल्याची नुसती शंका आली तरी पाकीट घेऊन लगेच मोठ्या सरकारी रुग्णालयात न्या.

पाच वर्षांखालच्या मुलाला या त्रासासाठी औषध लागत नाही. पुढेही बहुतेकांचं वयानुसार आपोआप थांबतं. मारण्या-टोमण्यांनी उलट वाढतं. मात्र कोरडं झोपणारं मूल अचानक अंथरूण भिजवू लागलं, सारखं पाणी मागतंय, वजन उतरतंय, तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासून घ्या.