पावडरीच्या कणांवरचं पांघरूण

मैत्रिणींनो, भर उन्हाळ्यात लग्नाला जायचं म्हटलं की पर्समध्ये सनस्क्रीन हवंच. पण बाटलीमागची बारीक अक्षरं आपण कधी वाचतो का? त्यात बऱ्याचदा टायटॅनियम डायऑक्साइड हे नाव सापडतं. ही सिरॅमिक जातीची पांढरी पूड उन्हातले अतिनील किरण अडवते.

मात्र तिचा स्वभाव जरा तापट, बरं का! उजेड पडला की तिच्या पृष्ठभागावर रासायनिक क्रिया सुरू होतात. अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये याच पदार्थावर प्रकाश पाडून चक्क पाण्याचं विघटन करून दाखवलं. चेहऱ्यावर असले उद्योग नकोत! म्हणून प्रत्येक कणावर सिलिका किंवा ॲल्युमिनाचा पातळ थर चढवतात. त्यावर डायमेथिकोन किंवा स्टिअरिक ॲसिड बसवलं, की कण पाण्याला दूर ठेवतात आणि तेलात छान मिसळतात. संक्रांतीला तिळावर पाक चढवून हलवा करतो ना, तसंच!

हलव्यावर पाक नीट बसला की नाही, ते डोळ्यांना दिसतं. इथे कण केसापेक्षा शेकडो पटींनी बारीक. मग पारख कशी करायची?

एक परीक्षा थेंबाची. पूड दाबून वडी करतात आणि वर पाण्याचा थेंब सोडतात. तो पसरला तर पुडीला पाणी आवडतं. अळूच्या पानावरच्यासारखा गोल राहिला तर नावडतं. थेंबाच्या कडेचा कोन ९० अंशांहून जास्त भरला, की पाणी झिडकारणारा थर बसला.

दुसरी परीक्षा वायूची. उणे १९६ अंश सेल्सिअसला नायट्रोजन कणांना किती चिकटतो, त्यावरून पृष्ठभागाचं क्षेत्रफळ काढतात. ब्रुनॉर, एमेट आणि टेलर यांनी १९३८ मध्ये ही रीत दिली. अतिसूक्ष्म पुडीच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग ५० चौरस मीटरही भरतो, म्हणजे छोट्या घराएवढा! अंगण सारवायला शेण किती लागेल, हे अंगणाच्या आकारावरून ठरतं, थराचंही तसंच.

तेव्हा बाटलीवर सिलिका, ॲल्युमिना ही नावं दिसली तर भेसळ समजून दचकू नका. ते कणांचं पांघरूण असू शकतं. आणि हो, चिमूटभर पावडर वाटीतल्या पाण्यावर तरंगली म्हणजे ती उन्हातही शांत राहील, असं नाही. पाण्याची परीक्षा वेगळी, उन्हाची वेगळी. शिवाय पांघरूण असलं तरी अशी पूड श्वासातून आत जाऊ नये. लेकराच्या तोंडाजवळ पावडरीचा डबा झटकू नका!