इंजिनाला वारा लागतो

“मिस्तरी, उनानं गाडी तापायली, दम धरंना.” एप्रिल उजाडला की वारंगा फाट्यावरच्या माझ्या गॅरेजमध्ये हे वाक्य सुरू होतं, ते मृगाचा पाऊस पडेपर्यंत थांबत नाही. नांदेडहून येणारा रस्ता आमच्या फाट्यावर फुटतो. एक कळमनुरी, हिंगोली, वाशिम करत अकोल्याला जातो, दुसरा हदगाव, यवतमाळवरून नागपूरला. हळदीचे भाव काढायला निघालेले शेतकरी, दूधवाले, गावोगाव कपडे विकणारे, खिचडी खायला थांबलेले प्रवासी, सगळे इथं टेकतात. बहुतेकांकडे शंभर-सव्वाशे सीसीची गाडी असते. तिला रेडिएटर नसतो, पंखा नसतो. पुष्कळ घरांत चाक म्हणून तेवढीच एक वस्तू असते. खताचं पोतं तिच्यावरच येतं आणि रात्री दवाखान्यात न्यायलाही तीच निघते. म्हणून तिच्या मालकाला तिचं इंजिन समजलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

ऊन खोटं नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४३-४४ अंशांवर जातो, डांबर त्याहून कितीतरी जास्त तापतं, आणि इंजिन त्या डांबराला लागूनच धावतं. तरी नुसत्या उन्हानं धडधाकट इंजिन मरत नाही. मरतं ते वारा न मिळाल्यानं आणि ऑइल आटल्यानं.

आमच्या भागात १९९४ पासून रुळलेली स्प्लेंडर घ्या. तिचा बोअर ५० मिलिमीटरचा, पिस्टनची धाव ४९.५ मिलिमीटरची, त्यातून ९७.२ सीसी होतात. या एवढ्याशा जागेत पेट्रोल पेटतं तेव्हा तापमान क्षणभर २००० अंशांच्या वर जातं. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, आणि अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. तरी तो शाबूत राहतो, कारण ज्योत क्षणात विझते आणि पिस्टनला लागलेली उष्णता रिंगांमधून, बोअरमधून, ऑइलमधून सतत बाहेर पडत राहते. पेट्रोलमधल्या उष्णतेपैकी जेमतेम चौथा हिस्सा चाकापर्यंत पोचतो. बाकीची सायलेन्सरमधून आणि इंजिनाच्या फिन्समधून, म्हणजे त्याच्या अंगावरच्या पात्यांमधून, हवेत जाते. ताशी ५०च्या वेगानं जाणारी, लिटरला ६० किलोमीटर देणारी गाडी धरली, तर फिन्सना दर क्षणी साधारण दोन किलोवॉट उष्णता बाहेर टाकावी लागते. घरात आंघोळीचं पाणी तापवणारा गीझर तेवढाच असतो.

आता ऊन आणि वारा यांची तुलना करू. फिन १५० अंशांना तापलेली आहे असं समजा. हिवाळ्यात हवा २५ अंश, म्हणजे फरक १२५चा. मे महिन्यात हवा ४५ अंश, फरक १०५चा. उष्णता या फरकाच्या हिशेबानं निघते, म्हणजे उन्हाळ्यात थंड होण्याची ताकद साधारण सहाव्या हिश्श्यानं घटली. पण इंजिनावर भार तेवढाच ठेवून वेग ६०चा १५ वर आला, तर वारा कमी पडून ती ताकद निम्म्याच्याही खाली जाते.

म्हणून उसाच्या ट्रॅक्टरमागं रेंगाळणारी गाडी भर रस्त्यावर पळणाऱ्या गाडीपेक्षा जास्त तापते. चिखलाच्या पाणंदीतून, मागं दोन पोती बांधून, पहिल्या गियरमध्ये अर्ध्या क्लचवर ओढलेली गाडी तर सगळ्यात जास्त. पाठीवरचा वारा कुणाच्या ध्यानातच येत नाही. उन्हाळ्यात दुपारी आमच्याकडे पश्चिमेचा वारा सुटतो. हदगावकडं निघालेला माणूस ४०नं चाललाय आणि मागून २५चा वारा आहे, तर इंजिनाला लागणारा वारा फक्त १५चा. त्याला स्वतःलाही वारा लागत नाही, घामाघूम होतो. तेव्हा आपल्या पायांमधल्या इंजिनाचंही तेच चाललंय हे ओळखावं. स्कूटर आणि रिक्षाचं इंजिन झाकलेलं असतं म्हणून त्यांना आत पंखा दिलेला असतो. तो उभ्या गाडीतही फिरतो. मोटरसायकलचा पंखा म्हणजे तिचा स्वतःचा वेग. रेल्वेच्या फाटकावर, बाजाराच्या गर्दीत गाडी चालू ठेवून उभं राहू नये ते यासाठीच.

मिळणारा वारा अडवणाऱ्या गोष्टी तर आपणच गाडीवर चढवतो. लेगगार्डला रेक्झिनचं कव्हर, त्यावर भाजीची पिशवी, कधी पाण्याची कॅन. स्प्लेंडरचा बोअर जवळजवळ आडवा, तोंड पुढच्या चाकाकडं करून बसवलेला. वारा थेट हेडवर यावा म्हणून ही रचना छान आहे, पण चाकानं उडवलेला चिखलही थेट तिथंच येतो. आमची काळी माती ओली असताना लोण्यासारखी चिकटते आणि वाळली की विटेसारखी होते. पावसाळ्यात शेतात गेलेली गाडी पुढच्या उन्हाळ्यात माझ्याकडं येते, तेव्हा हेडखाली हात घातला तर फिन्स बोटांना लागतच नाहीत, सपाट ढेकूळ लागतं. पॅकिंगमधून ऑइल पाझरत असेल तर त्यावर धूळ बसून आणखी एक काळा थर चढतो. हे सगळं थंड गाडीवर रॉकेलचा ब्रश आणि लाकडी काडीनं काढायचं. स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडू नये, फिनचा कोपरा उडतो. फिन्सवर जाड ऑइल पेंटही मारू नये.

ऑइलबद्दल मात्र मला थांबून बोलायचं आहे, कारण जास्तीत जास्त इंजिनं मी याच कारणानं खोलली आहेत. अशा गाडीत ऑइल जेमतेम एक लिटर असतं. त्यातच क्रँक, पिस्टन, गियर, क्लच सगळं भागतं. पाव लिटर जळालं की चौथा हिस्सा गेला. उरलेलं जास्त तापतं, पातळ होतं, आणखी जळतं. हेड खोललं की खूण दिसते. कॅम हेडमध्ये, म्हणजे पंपापासून सगळ्यात लांब. ऑइल कमी पडलं की आधी तो सुकतो. चांगल्या कॅमचा उंचवटा आरशासारखा गुळगुळीत असतो. उपाशी राहिलेल्या कॅमवर ओरखडे, टोक झिजून बसकं झालेलं, रॉकरच्या तोंडावर खळगा. मालक सांगतो, टॅपेट वाजतात म्हणून आणली. टॅपेट कितीही सेट केले तरी तो आवाज जात नाही.

ऑइल पाहायची पद्धतही नीट हवी. गाडी दोन-तीन मिनिटं चालवायची, बंद करून मेन स्टँडवर सरळ लावायची, ऑइल खाली बसू द्यायचं. मग काडी पुसून, स्प्लेंडरसारख्या गाड्यांत आटे न फिरवता, नुसती टेकवून पाहायची. आटे फिरवून पाहिलं की काडी खोल जाते आणि ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. ग्रेड पुस्तकात दिलेलीच घाला. कारचं ऑइल नको. मोटरसायकलचा क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो आणि तो घसरायला लागतो. डब्यावर जासो एमए लिहिलेलं पाहून घ्या.

अ‍ॅव्हरेजच्या हट्टापायी गाडी टॉप गियरमध्येच रेटायची सवय आमच्याकडं फार आहे. मागं दोन माणसं, समोर चढ, वेग २५ वर आलेला, तरी गियर खाली नाही. इंजिन आतून ठोकतं. अशा वेळी भार पूर्ण, वारा थोडा आणि ऑइल पंप हळू, तिन्ही वाईट गोष्टी एकत्र येतात. गियर खाली घ्या. आवाज वाढला म्हणून घाबरू नका, मोकळं फिरणारं इंजिन ठोकणाऱ्या इंजिनापेक्षा सुखात असतं.

रस्ता चौपदरी झाल्यापासून उलटंही घडतं. पूर्वी खड्डे आणि वळणं इंजिनाला आपोआप विसावा द्यायची. आता नांदेडपर्यंत मूठ पूर्ण पिळून ८०-८५नं नेता येतं, तिघं बसवूनही. वारा भरपूर असतो हे खरं, पण शंभर सीसीचं इंजिन सलग पूर्ण ताकदीवर तासभर पळवायला नाही. ६०च्या आत ठेवलेली तीच गाडी मी पंधरा-पंधरा वर्षं चालताना पाहतो.

प्लग काढून पाहत जा. टोक विटकरी असेल तर ठीक. खडूसारखं पांढरं असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय आणि ज्वलन जास्त गरम होतंय. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत याकडं जास्त लक्ष द्यावं लागतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटवर मिश्रण थोडं हलकं होतं. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत इंजेक्शन आणि सेन्सर आहेत, त्या बऱ्याच अंशी स्वतः जुळवून घेतात. चिकटून फिरणारा ब्रेक, ताणलेली चेन, कमी हवेचं टायर यांनीही इंजिनावर भार वाढतो आणि त्याचीही उष्णता फिन्सनाच फेकावी लागते.

तापलेल्या गाडीची भाषा ओळखता येते. पिकअप पडतो, मूठ पिळली की खडखड येते, न्यूट्रल सापडत नाही, जळक्या ऑइलचा वास येतो. त्या वेळी सावली बघून थांबा. पाणी मात्र ओतू नका. बोअरची आतली स्लीव्ह लोखंडाची, बाहेरचा भाग अ‍ॅल्युमिनियमचा. लोखंडाच्या साधारण दुप्पट अ‍ॅल्युमिनियम फुगतं आणि आक्रसतं. अंगावर एकदम गार पाणी पडलं की हेड वाकतं, फिनला तडा जातो.

याच फुगण्यानं पिस्टन पकडतो. १०० अंश जास्त तापला की ५० मिलिमीटरचा पिस्टन साधारण ०.११ मिलिमीटर फुगतो, लोखंडी बोअर त्याच्या निम्मा. नव्या इंजिनात दोघांमधली मोकळीक असते मिलिमीटरच्या काही शतांश भागांची. म्हणून नवा बोअर-पिस्टन टाकलेली गाडी उन्हाळ्यात पहिले पाचशे किलोमीटर सावकाश चालवा, मध्ये मध्ये थांबवा.

आणि चालत्या गाडीत इंजिन जड होऊन चाक ओढल्यासारखं वाटलं, तर आधी क्लच दाबा, मग कडेला घ्या. लगेच किक मारू नका. अर्धा तास, फिन्सवर हात ठेवता येईल इतकं थांबा. ऑइल पाहा, कमी असेल तर भरा. मग हातानं किक हळू दाबून पाहा. मऊ फिरली आणि आतून खरखर नसेल, तर गाडी सुरू करून ३०-४०च्या वेगानं जवळच्या गॅरेजपर्यंत आणा. अडकत असेल तर जोर लावू नका, टेम्पोत घाला. न रेटता आणलेला बोअर पुष्कळदा घासून, पुढच्या साइजचा पिस्टन टाकून वाचतो. किक मारमारून आणलेल्या इंजिनाला मात्र क्रँकपासून सगळं नवं लागतं.