शिश्नशैथिल्यावरील औषधे : क्रिया, उपयोग आणि धोका

आयुर्वेदाच्या आठ अंगांत वाजीकरणाला स्वतंत्र स्थान आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात रसायनाच्या पाठोपाठ त्याचाच विचार येतो. 'वाजी' म्हणजे घोडा. औषधाने पुरुषाच्या ठायी इच्छा आणि सामर्थ्य ही दोन्ही एकदमच वाढावीत, अशी अपेक्षा या शब्दाभोवती रूढ झाली आहे. सिल्डेनाफिल आणि त्याच्या वर्गातील इतर औषधे जनमानसात आज याच अपेक्षेच्या जागी येऊन बसली आहेत. वस्तुतः ती इच्छा उत्पन्न करीत नाहीत, वीर्य वाढवीत नाहीत, आणि कामोद्दीपनाच्या अभावी उत्थानही घडवून आणीत नाहीत. शरीराने स्वतःच दिलेला एक रासायनिक संदेश ती अधिक काळ टिकवून धरतात, इतकेच. एवढी एक गोष्ट नीट ध्यानात घेतली, तर या औषधांच्या उपयोगाचे आणि धोक्याचे बहुतेक नियम तिच्यातूनच निष्पन्न होतात.

हा संदेश कोणता, हे प्रथम पाहू जाता असे दिसते की, उद्दीपनाच्या वेळी शिश्नातील मज्जातंतूंची टोके आणि रक्तवाहिन्यांचे अंतःस्तर यांतून नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो. त्याच्या प्रभावाने अनैच्छिक स्नायूंच्या पेशींत चक्रीय जीएमपी नावाचे द्रव्य तयार होते. हे द्रव्य स्नायू शिथिल करते. धमन्या रुंदावतात, स्पंजासारख्या ऊतकांत रक्त भरते आणि रक्त बाहेर नेणाऱ्या नीला दाबल्या जातात. परंतु त्याच पेशींत फॉस्फोडायएस्टरेज-५ हे एंझाइम चक्रीय जीएमपीचा सतत नाश करीत असते. हौदाला तोटीतून पाणी येत असावे आणि मोरीतून ते जात असावे, तसा हा प्रकार आहे. सिल्डेनाफिल मोरीला बोळा घालते. तोटी सोडणे मात्र त्याच्या हाती नाही. म्हणूनच पुरःस्थ ग्रंथीच्या शस्त्रक्रियेत ज्यांचे मज्जातंतू दोन्ही बाजूंनी तोडले गेले, अशा रुग्णांना या गोळीचा सहसा गुण येत नाही. मधुमेहातही तंतू आणि अंतःस्तर या दोहोंची हानी होत असल्यामुळे फळ कमी मिळते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या मधुमेही रुग्णांच्या चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी ५६ टक्क्यांनी सुधारणा सांगितली, निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी १० टक्क्यांनी. त्याआधी १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या मुख्य अमेरिकी चाचणीत समागमाचे ६९ टक्के प्रयत्न सफल झाल्याची नोंद आहे. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण २२ टक्के होते. या विकारात मनाचा वाटा किती मोठा असतो, याची या दुसऱ्या आकड्यावरून थोडीबहुत कल्पना येते.

औषध निष्फळ ठरले अशी तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णांपैकी पुष्कळांनी ते योग्य रीतीने घेतलेलेच नसते. सिल्डेनाफिलची नेहमीची प्रारंभिक मात्रा ५० मिलिग्रॅम असून ती सुमारे एक तास आधी घ्यावयाची असते. गुण आणि उपद्रव पाहून ती २५ पर्यंत उतरविता किंवा १०० पर्यंत चढविता येते. दिवसातून एकापेक्षा अधिक वेळा ते घ्यावयाचे नसते. तेलातुपाच्या भरपेट जेवणानंतर घेतल्यास त्याची रक्तातील कमाल पातळी सुमारे २९ टक्क्यांनी घटते आणि तीही तासभर उशिरा येते. जेवणाबरोबर मद्य अधिक झाले, तर उरलेसुरले कार्यही बिघडते. शिवाय एका निष्फळ प्रयत्नावरून औषध टाकून देणे युक्त नव्हे. पुरेशा मात्रेत सहा-आठ वेळा प्रयत्न झाल्याखेरीज निर्णय करू नये, असा संकेत आहे. २००३ साली अमेरिकेत मान्यता पावलेल्या टाडालाफिलवर अन्नाचा परिणाम होत नाही. त्याचा अर्धायुकाल सुमारे साडेसतरा तास, तर सिल्डेनाफिलचा सुमारे चार तास. ज्यांना वेळेचे बंधन जाचते, त्यांना यामुळे सोय होते. परंतु धोक्याची मुदतही त्याच प्रमाणात लांबते.

तो धोका कोणता, हे सिल्डेनाफिलच्या जन्मकथेतच सूचित झालेले आहे. १९८९ साली इंग्लंडमधील केंट परगण्यात, सँडविच येथील फायझर कंपनीच्या प्रयोगशाळेत हे द्रव्य तयार झाले. त्यावर पुढे काम झाले ते हृच्छूलावरील, म्हणजे अंजायनावरील, औषध म्हणून. त्या कामी ते निराशाजनक ठरले. परंतु चाचणीतील स्वयंसेवकांनी उत्थानाचा अनपेक्षित परिणाम कळविला आणि संशोधनाची दिशा पालटली. २७ मार्च १९९८ रोजी अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. त्याच वर्षी नायट्रिक ऑक्साइडच्या संदेशवाहक कार्याच्या शोधाबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि म्युराड यांस नोबेल पारितोषिक देण्यात आले. (ज्या नायट्रोग्लिसरिनच्या स्फोटक शक्तीवर आल्फ्रेड नोबेल यांचे वैभव उभे राहिले, तेच द्रव्य आयुष्याच्या अखेरीस वैद्यांनी त्यांना हृदयविकारावर सुचविले होते.)

नायट्रोग्लिसरिन आणि आपल्याकडे हृद्रोगी खिशात बाळगतात त्या सॉर्बिट्रेटसारख्या जिभेखालच्या गोळ्या शरीराला नायट्रिक ऑक्साइडच पुरवितात, आणि तोही सर्वांगातील रक्तवाहिन्यांना. तोट्या अशा रीतीने पूर्ण सोडलेल्या आणि मोरी बुजलेली, अशी अवस्था झाली म्हणजे रक्तदाब एकाएकी कोसळतो. त्यात मृत्यूही ओढवू शकतो. म्हणून नायट्रेट घेणाऱ्यास या वर्गातील एकही औषध देता येत नाही. येथे मात्रा कमी करून भागत नाही. सिल्डेनाफिल घेतलेल्यास किमान २४ तास, आणि टाडालाफिल घेतलेल्यास किमान ४८ तास नायट्रेट वर्ज्य मानले जाते. समागमाच्या वेळी छातीत कळ आली, तर अशा रुग्णाने खिशातील गोळी जिभेखाली न ठेवता तत्काळ रुग्णालय गाठावे आणि काय व केव्हा घेतले ते संकोच न करता सांगावे.

पुरःस्थ ग्रंथीच्या वृद्धीवर किंवा रक्तदाबावर दिली जाणारी अल्फारोधक औषधे चालू असतील, तर प्रारंभ २५ मिलिग्रॅमपासून करतात. केटोकोनाझोल, एरिथ्रोमायसिन आणि विशेषतः रिटोनाविर ही यकृतातील विघटन रोखून सिल्डेनाफिलची पातळी वाढवितात. डोकेदुखी, चेहऱ्यावर लाली, नाक चोंदणे, अपचन हे उपद्रव नित्याचे; दृष्टीला निळसर झाक येते ती डोळ्यातील एका भगिनी-एंझाइमवर अल्प परिणाम झाल्यामुळे. चार तासांहून अधिक टिकलेले उत्थान, अकस्मात दृष्टिनाश किंवा बहिरेपणा ही मात्र तातडीची लक्षणे होत.

तथापि औषध लिहून देण्यापूर्वीची तपासणी ही औषधाहून अधिक महत्त्वाची ठरण्याचा संभव आहे. शिश्नाच्या धमन्यांचा व्यास एक ते दोन मिलिमीटर, हृदयाच्या धमन्यांचा तीन ते चार. धमनीकाठिण्याची प्रक्रिया सर्वत्र एकच असल्याने अरुंद वाहिनीत तिचे परिणाम आधी प्रकट होतात, असे उपलब्ध पुराव्यावरून मानले जाते. कित्येक रुग्णांत शैथिल्याची तक्रार हृद्रोगाच्या लक्षणांपूर्वी काही वर्षे आलेली आढळते. रक्तशर्करा, मेदद्रव्ये, रक्तदाब आणि धूम्रपान यांची चौकशी न करता दिलेली गोळी तक्रार मिटविते आणि सूचनाही मिटविते. भारतात हे औषध अनुसूची 'एच'मध्ये, म्हणजे केवळ चिकित्सकाच्या लेखी सूचनेवर विकावयाचे आहे. दुकानाच्या काउंटरवर हा नियम किती पाळला जातो, हे सर्वांना ठाऊक आहे.

लाजेपोटी दुकानातही न जाणारा रुग्ण 'संपूर्ण वनस्पतिजन्य' असे छापलेल्या चूर्णाकडे वळतो. अशा अनेक उत्पादनांत अघोषित सिल्डेनाफिल मिसळलेले असल्याचे निरनिराळ्या देशांतील औषध-नियंत्रकांना वारंवार आढळले आहे. कित्येकदा मूळ द्रव्याऐवजी त्याच्या रेणूत किंचित फेरफार करून बनविलेली होमोसिल्डेनाफिल, ॲसिटिल्डेनाफिल यांसारखी सजातीय द्रव्ये वापरली जातात. माणसांवर त्यांची रीतसर चाचणी झालेली नाही, आणि केवळ सिल्डेनाफिलच शोधण्यासाठी योजलेल्या नेहमीच्या परीक्षेतून ती निसटू शकतात. त्यांसाठी द्रव-वर्णलेखन आणि वस्तुमान-वर्णपटमापन यांची जोड द्यावी लागते. हे चूर्ण घेतलेला हृद्रोगी रात्री छातीत दुखू लागल्यामुळे रुग्णालयात येतो. नायट्रेट देण्यापूर्वी चिकित्सक त्याला सिल्डेनाफिल किंवा तत्सम गोळी घेतली आहे काय असे विचारतो, आणि रुग्ण अगदी प्रामाणिकपणे 'नाही' असे उत्तर देतो. गोळीबरोबरच चूर्ण, माजूम, काढा, आसव यांपैकी काही घेतले होते काय, हेही अशा वेळी नाव घेऊन विचारावे लागते.